खिडकीतून फेकलेला पैसा

रोम येथे शिक्षण घेऊन परतलेल्या एका धर्मभगिनींकडून काही महिन्यांपूर्वी मी एक स्लोवेनियन वाक्प्रचार शिकलो. तेथील मठात त्यांच्या शेजारच्या खोलीत एक स्लोवेनियन सिस्टर राहत असे. दोघींचे बोलणे इटालियनमध्ये, आणि तेही बेताचेच. नाताळच्या सुमारास आमच्या सिस्टरांनी आपल्या आईसाठी एक लोकरी शाल विकत घेतली व ती टपालाने वसईला धाडली. शालीच्या किमतीहून टपालखर्च अधिक झाला. ते ऐकून शेजारीण हसली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "मेताती देनार स्कोझी ओकनो." म्हणजे खिडकीतून पैसे फेकणे. वसईच्या दमट हवेत लोकरी शाल! हे सांगताना सिस्टर स्वतःही हसत होत्या. "पण आईने ती शाल अखेरपर्यंत उशाशी ठेवली होती," असे त्या जाता जाता म्हणाल्या आणि त्यांनी विषय बदलला.

माझे सारे आयुष्य बँकेत, म्हणजे दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात गेले. त्यामुळे पैशाविषयीचा वाक्प्रचार मनात अडकून राहावा हे स्वाभाविकच होते. स्लोवेनिया हा देश लहान. १९९१ साली युगोस्लाव्हियातून वेगळा झाला. लोकसंख्या सुमारे २१ लाख. ज्या परभणी जिल्ह्यात माझ्या नोकरीची पाच वर्षे गेली, त्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाख ३६ हजार होती. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याएवढी माणसे ही भाषा बोलतात. पण त्या एका वाक्यातील दोन शब्दांपाशी मी बराच काळ रेंगाळलो. 'देनार' म्हणजे पैसा. हा शब्द रोमन लोकांच्या 'देनारियस' या चांदीच्या नाण्यावरून आला. तेच नाणे आपल्याकडे 'दीनार' होऊन गुप्तकाळातील लेखांत येऊन बसले आहे. प्रभू येशूच्या द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात मजुराला दिवसाची मजुरी म्हणून मिळते ते हेच नाणे. दुसरा शब्द 'ओकनो', म्हणजे खिडकी. तो 'ओको' या शब्दावरून झाला, आणि ओको म्हणजे डोळा. आपले संस्कृत 'अक्षि' त्याच कुळातले. आपल्या जुन्या वाड्यांचा 'गवाक्ष' आठवा. तोही डोळाच. भिंतीला असलेला डोळा म्हणजे खिडकी, ही कल्पना इतक्या दूरच्या दोन भाषांना सुचली.

स्लोवेनियन माणूस ऐषारामात राहणाऱ्याविषयी 'मोठ्या पायावर जगतो' असेही म्हणतो, असे सिस्टरांनी सांगितले. आपण अंथरूण पाहून पाय पसरायला सांगतो. पाय दोन्हीकडे आहेच. त्यांना पायाचा आकार खटकतो, आपल्याला अंथरुणाची लांबी. असो.

उधळेपणासाठी मराठीत खिडकी नाही. आपण पैसा पाण्यासारखा खर्च करतो. मी वसईचा. आमच्या वाडीत विहिरीवर रहाट होता, घरामागे पावसाचे पाणी साठवणारे बावखल होते, आणि केळीच्या दांडांतून दिवसभर पाणी खळखळत असे. पाणी ही मोजण्याची वस्तू आहे हे लहानपणी माझ्या स्वप्नातही आले नव्हते. आजोबा कोणा गृहस्थाविषयी 'त्याने पैसा पाण्यासारखा घालवला' असे म्हणत, तेव्हा मला ते दांडातले पाणी दिसे. न मोजलेले, कोणाचेच नसलेले.

१९९३ साली माझी बदली परभणी जिल्ह्यात झाली. निरोपाच्या चहाला एका सहकाऱ्याने "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण ऐकवली. तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एका शिपायाने "जगात जर्मनी, भारतात परभणी" असे सांगून तिची परतफेड केली. तेव्हा हिंगोली, वसमत, कळमनुरी हे तालुकेही याच जिल्ह्यात होते; हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. जिल्ह्यातून गोदावरी वाहते, पूर्णा वाहते, जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण आहे, पैठणच्या जायकवाडीचा कालवा आहे. नकाशा पाहणाऱ्याला हा पाण्याचा प्रदेश वाटावा. पण कालव्यापासून दूर असलेल्या गावांत एप्रिल उजाडला की बायकांच्या डोक्यावरच्या घागरी दिसू लागत आणि मे संपेपर्यंत त्या खाली उतरत नसत. पुढे ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरसाठी पाण्याची रेल्वेगाडी निघाली. १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी भरून ती सुमारे साडेतीनशे किलोमीटर धावली, तेव्हा साऱ्या देशाला मराठवाड्याची तहान कळली. लातूर परभणीच्या शेजारचाच जिल्हा. मला त्या बातमीचे नवल वाटले नाही. ज्या भागात पाणी आगगाडीने येते, तेथे पैसा पाण्यासारखा खर्च करणारा माणूस फार जपून खर्च करणारा म्हणायला हवा.

आता मला माझ्या एका शेऱ्याविषयी सांगितले पाहिजे. खरे तर हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

१९९५ सालच्या मे महिन्यात मी जिंतूर तालुक्यातील एका गावी पीककर्जाच्या वसुलीसाठी गेलो होतो. कर्जदार चाळिशीचा, कोरडवाहू कापूस लावणारा शेतकरी. कर्ज ९,००० रुपये. हप्ता थकलेला. गावात शिरतानाच समजले की बी-बियाणे व खतासाठी दिलेल्या त्या रकमेतील निम्म्याहून अधिक त्याने धाकट्या बहिणीच्या लग्नात घातली होती. मी त्याच्या अंगणात उभा राहिलो तो मनाशी शब्द जुळवूनच. त्याची म्हातारी आई घरातून आली. तिच्या हातात पाण्याने भरलेली कळशी होती.

"सायेब, उन्हातून आलाव, आधी पाय धुवा."

मी तांब्याभर पाणी पायांवर घेतले आणि थांबलो. ती थांबली नाही. सबंध कळशी तिने माझ्या पायांवर ओतली. गावात शिरताना मी विहिरीवरची रांग पाहिली होती. दीड मैलावरून ते पाणी येत होते. मी जरा रागानेच म्हणालो, "आजी, पाणी असे वाया कशाला घालवता?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिले नाही. ती पायाखालच्या दगडाकडे पाहत होती. तेथून बोटभर रुंदीची एक सारणी निघून अंगणाच्या कडेला गेली होती आणि तिच्या टोकाला एक शेवगा उभा होता. "वाया कुठं," ती म्हणाली, "शेवग्याला चाललंय."

मग आम्ही हिशेबाला बसलो. मुलगा फार बोलला नाही. म्हातारीनेच लग्नाचा खर्च सांगितला. रोख पैशाला ती अजून 'कलदार' म्हणत असे. निजामाच्या राज्यात हैदराबादचा हाली रुपया वेगळा आणि इंग्रजी मुलखातला कलदार वेगळा. ७ हाली रुपयांचे ६ कलदार होत. १९४८ साली राज्य गेले, १९५९ साली हाली नाणे कायमचे रद्द झाले, पण तिच्या तोंडी खऱ्या, खणखणीत पैशाचे नाव तेच राहिले होते. मांडव, दोन वेळचे जेवण, वाजंत्री, मानपान, नवरदेवाचा पोशाख. मी सारे लिहून घेतले. बँकेच्या छापील कागदावर 'कर्जाचा गैरवापर' असा एक रकाना होता. त्यात 'अनुत्पादक खर्च' असे लिहिणे माझे काम होते आणि ते मी केले. परंतु त्यापुढे कंसात 'लग्नात उधळपट्टी' हे दोन शब्द मी लिहिले ते कोणी सांगितले नव्हते. ते माझे स्वतःचे होते.

कर्जदार थकबाकीदार ठरला. त्या खरिपाला त्याला नवे कर्ज मिळाले नाही. तो सावकाराकडे गेला. शेकडा ५ रुपये दरमहा, म्हणजे वर्षाला ६० टक्के. पुढच्या वर्षी त्याची दोन एकर जमीन गेली. माझ्या कंसातील दोन शब्दांमुळेच हे झाले असे मी म्हणत नाही. नियमाने तो थकबाकीदारच होता. पण ते दोन शब्द अजूनही माझ्या हाताला चिकटलेले आहेत.

निवृत्त झाल्यावर दख्खनच्या दंग्यांविषयी वाचण्याचा योग आला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. पाहता पाहता पुणे व नगर जिल्ह्यांतील कितीतरी गावांत तेच घडले. सरकारने आयोग नेमला. रयत लग्नकार्यात उधळपट्टी करते म्हणून कर्जबाजारी होते, ही समजूत तेव्हा साहेबांच्या कचेरीत आणि पांढरपेशांच्या ओसरीवर सारखीच पक्की होती. आयोगाने मात्र या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असे स्पष्ट नमूद केले. त्या प्रसंगापुरता पाहिला तर शेतकऱ्याच्या ऐपतीच्या मानाने लग्नाचा खर्च मोठा असतो. परंतु असे प्रसंग क्वचित येतात, आणि अनेक वर्षांची बेरीज केली तर त्याच्यासारख्या माणसाने घरच्या आनंदासाठी जेवढे खर्च करावे त्याहून ती बहुधा जास्त भरत नाही, असा त्या निष्कर्षाचा आशय आहे. लग्नखर्च कर्जाच्या बाजूला मांडावा लागतो खरा, पण कर्जाचे मूळ तो क्वचितच असतो. यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांना सावकारीपासून काही संरक्षण देणारा कायदा झाला. हे सारे वाचून मी पुस्तक मिटले आणि हिशेब केला. आयोगाने ज्या मताला हरकत घेतली होती, तेच मत मी १२० वर्षांनी कंसात लिहिले होते.

येथे बेथानीतील ते जेवण आठवल्यावाचून राहत नाही. एका स्त्रीने मोलाचे सुगंधी तेल प्रभूवर ओतले. मार्कच्या शुभवर्तमानात तिने ते मस्तकावर ओतले, योहानाच्या शुभवर्तमानात चरणांवर. किंमत तीनशे दीनारांच्या वर सांगितली गेली, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. आणि लगेच कोणीतरी म्हणाले की हा तर नाश झाला, हे विकून गरिबांना देता आले असते. योहान हा आक्षेप जूदासाच्या तोंडी घालतो व तो चोर होता असे सांगून मोकळा होतो. पैशाची थैली त्याच्याकडे होती. एका परीने तो माझ्याच धंद्यातला. ते वाचून आपल्याला सुटल्यासारखे वाटते, कारण आपण चोर नसतो. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानात हाच आक्षेप सर्व शिष्य घेतात. ते चोर नव्हते. ते सरळ, काटकसरी, गरिबांविषयी कळवळा असलेले लोक होते, आणि त्यांचा हिशेबही चुकलेला नव्हता. तीनशे दीनारांत खरोखरच पुष्कळ भाकरी आल्या असत्या. चूक हिशेबात नव्हती. त्या स्त्रीकडे कोणी पाहिलेच नाही, ही चूक होती. तेल कोठून निघाले ते त्यांनी पाहिले. कोठे पोचले ते पाहिले नाही. प्रभूने त्यांना आपल्या दफनाची आठवण करून दिली, तेव्हा ते कदाचित त्यांच्या ध्यानात आले असेल, कदाचित नसेलही.

म्हणूनच मला तो स्लोवेनियन वाक्प्रचार सोडवत नाही. खिडकीतून पैसे फेकण्याच्या चित्रात एक घर आहे, घरात बसून 'गेले, वाया गेले' म्हणणारा एक माणूस आहे, आणि खिडकीबाहेर एक रस्ता आहे. रस्त्यावर कोण उभे आहे, याविषयी वाक्प्रचार गप्प आहे. 'उधळपट्टी' हा शब्द नेहमी खोलीच्या आतून उच्चारला जातो. तो उच्चारणाऱ्याने निदान एकदा उठून त्या डोळ्यातून बाहेर डोकवावे, एवढी अपेक्षा वावगी नसावी. वसईतील त्या आईच्या उशाशी असलेली शाल रोममधल्या खोलीतून दिसणे शक्य नव्हते. शेवगाही माझ्या कंसातून दिसला नाही.

पण हे लिहिताना माझ्या मनात एक भीती आहे, आणि ती लपवणे बरे नाही. खिडकीखाली कोणीतरी उभा आहेच, मग फेका, असा याचा सोयीस्कर अर्थ काढणारे पुष्कळ निघतील. आपल्या वसईतील लग्ने पाहा. पाचशे माणसांचे जेवण, वाद्यवृंद, आतषबाजी, एका संध्याकाळपुरता उभारलेला आणि पहाटे मोडलेला महाल. पहिल्या कम्युनियनच्या मेजवानीसाठीही आता सभागृह लागते. कोणी काही म्हटले तर उत्तर तयार असते: मांडववाल्याला काम मिळते, आचाऱ्याला मिळते, फुलवाल्याला मिळते. मिळते हे खरे. पण लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंताच्या मेजावरूनही तुकडे खाली पडतच होते, आणि दारात लाझरस होता. त्या श्रीमंताने लाझरसला हाकलून दिले असे कोठेही म्हटलेले नाही. त्याने त्याला पाहिले नाही, इतकेच. खाली पडलेले तुकडे कोणाच्या तोंडी गेले म्हणून पाडणाऱ्याचे पुण्य होत नाही. ज्याच्याकडे बारा महिने पाणी आहे त्याने ते सांडणे, आणि दीड मैलावरून आणलेली कळशी पाहुण्याच्या पायावर ओतणे, या दोन गोष्टींना एकच शब्द लावणारी भाषा अपुरी आहे. निदान माझी अपुरी होती.

तसेच त्या लग्नातला सारा खर्च योग्य होता, असेही मी म्हणणार नाही. वाजंत्री दोन ताफ्यांची होती, एका ताफ्यात भागले असते. मानपानाचा काही भाग निव्वळ भावकीच्या भीतीने झाला होता. ऋण काढून सण करू नये हे आपल्या पूर्वजांनी अनुभवानेच ठरवले. माझा आक्षेप माझ्या शेऱ्याच्या घाईवर आहे. मी एका अंगणात तासभर बसलो, एका कुटुंबाच्या वीस वर्षांच्या आशेची यादी लिहून घेतली, आणि बेरजेखाली एक रेघ मारून निवाडा दिला. आपल्या भाषेत पैसा खर्च करण्यासाठी आणखी एक शब्द आहे, पदरमोड. लुगड्याच्या पदराला गाठ मारून ठेवलेले चार पैसे दुसऱ्यासाठी सोडणे. गाठ सोडायला दोन्ही हात लागतात आणि वेळही लागतो. पाणी ओतताना किंवा खिडकीतून फेकताना तसे होत नाही. जी बाई गाठ सोडते, तिला ती कशासाठी सोडतो आहोत हे ठाऊक असते. तिला विचारण्याऐवजी मी तिच्या मुलाकडून आकडे घेतले.

१९९८ साली माझी पुन्हा वसईकडे बदली झाली. निघण्याच्या आधी काही दिवस परभणीच्या बसस्थानकावर तो कर्जदार मला भेटला. मी त्याला ओळखले, पण ओळख देऊ की नको अशा विचारात होतो. त्यानेच येऊन "साहेब, वळखलं का?" म्हटले आणि हाताला धरून चहाच्या टपरीवर नेले. आई गेल्या वर्षी वारली, असे त्याने सांगितले. बहिणीला मुलगा झाला होता. सावकाराचे फिटले होते. कसे फिटले, हे मी विचारले नाही, त्यानेच सांगितले. बहिणीच्या सासऱ्याने सलग दोन हंगाम बियाणे दिले होते, आणि लग्नात ज्यांचा मानपान झाला होता त्यांतल्या एका घराने बैलजोडी वापरायला दिली होती. व्याज कोणी घेतले नव्हते. हे तो मला सुनावण्यासाठी सांगत नव्हता. माझा शेरा त्याला माहीतही नसावा.

"आणि तो शेवगा?" मी विचारले.

"हाये की. लई शेंगा लागतेत. आमच्यानं खाणं होईना, बाजारात आणतो."

मी खिशात हात घातला. त्याने माझे मनगट धरले. "तुम्ही आमच्या घरी पाणी घेतलं, चहा राहिला होता," असे म्हणून त्याने बंडीच्या आतल्या खिशातून घडी केलेला रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि चहावाल्याला चार रुपये सुट्टे मोजून दिले. मग जिंतूरची गाडी लागली, आणि तो पिशवी उचलून तिकडे धावला.